जुन्या चित्रकथेच्या प्रतीची पारख: झाशीच्या राणीवरील अंकाच्या निमित्ताने

हस्तलिखिताची किंवा दुर्मिळ मुद्रित ग्रंथाची प्रत हाती आली म्हणजे अभ्यासक प्रथम ती प्रतच तपासतो. कागद कोणता, पाने किती, गळती कोठे, लेखनकाल कोणता, हात एक की अनेक, हे सारे ठरल्यावाचून तो तीतील पाठाविषयी मत देत नाही. भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासात ही शिस्त आता रूढ झालेली आहे. परंतु चित्रकथेच्या, म्हणजे ज्याला सर्वत्र कॉमिक म्हणतात त्या पुस्तिकेच्या, बाबतीत ही शिस्त क्वचितच पाळली जाते. तिची पारख संग्राहकांवर आणि जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यांवर सोपविण्यात आलेली आहे. व्यापाऱ्याची पारख खोटी असते असे नव्हे. पण तिचा हेतू वेगळा असल्याने ती ज्या खुणांना दोष मानते त्यांपैकी काही अभ्यासकाच्या दृष्टीने पुरावा ठरतात. हा भेद ध्यानात न घेता प्रतींची निवड, सफाई आणि डागडुजी होत राहिली, तर जे जपावयाचे तेच नाहीसे होण्याचा संभव आहे.

या प्रश्नाचा विचार एखाद्या निश्चित उदाहरणावरून केल्यास तो अधिक स्पष्ट होतो. ‘अमर चित्र कथा’ या मालिकेतील झाशीच्या राणीवरील अंक हे असे उदाहरण आहे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या या अंकाचा मूळ क्रमांक ५१. संहिता माला सिंग यांची आणि चित्रे हेमा जोशी यांची. राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र मराठीत दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये लिहिले. झाशीच्याच वृंदावनलाल वर्मा यांची राणीवरील हिंदी कादंबरी १९४६ मध्ये आली. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ तर झाशीच्या वेढ्याच्या प्रत्यक्ष अनुभवातून लिहिला गेला. या परंपरेच्या शेवटी, पण वाचकसंख्येच्या दृष्टीने कदाचित अग्रभागी, ही बत्तीसेक पानांची पुस्तिका उभी आहे. ज्या वाचकांनी चरित्र वा कादंबरी कधी उघडली नाही, त्यांच्यापैकी अनेकांना राणीची पहिली ओळख तिने करून दिली. म्हणून तिची जुनी प्रत कशी ओळखावी आणि तिचे मोल कशावरून ठरवावे, हा प्रश्न केवळ छांदिष्टांचा राहत नाही.

१. प्रत कोणत्या छपाईची?

प्रतीची अवस्था पाहण्यापूर्वी ती कोणत्या छपाईची आहे हे ठरविले पाहिजे. हा क्रम बहुधा उलटा होतो. स्वच्छ, चकचकीत प्रत दिसली की ती ‘उत्तम’ ठरते आणि ती केव्हाची हा प्रश्न मागे पडतो. भारतीय चित्रकथांच्या बाबतीत ही चूक विशेष सहज घडते, कारण लोकप्रिय अंक वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा छापले गेले. पहिल्या पानावरील स्वामित्वहक्काचे वर्ष मूळ प्रकाशनाचे असते व ते पुनर्मुद्रणातही तसेच राहू शकते. तेव्हा ‘१९७४’ हा आकडा दिसला एवढ्यावरून हातातील प्रत १९७४ ची ठरत नाही.

मालिकेचा अनुक्रमांक हा पहिला साक्षीदार होय. ‘अमर चित्र कथा’ची कल्पना अनंत पै (१९२९–२०११) यांची. इंडिया बुक हाउस या प्रकाशनसंस्थेने ती १९६७ पासून प्रत्यक्षात आणली. मालिकेतील पहिले दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांना दिलेले होते. भारतीय कथांचा आरंभ ‘कृष्ण’ या ११ व्या क्रमांकापासून झाला. पुढे जाड मुखपृष्ठांच्या आवृत्त्या निघाल्या तेव्हा ५०० च्या पुढील नवे क्रमांक देण्यात आले; राणीवरील अंकाचा नवा क्रमांक ५३९. म्हणजे ५१ हा क्रमांक असलेली प्रत जुन्या मालिकेतील आणि ५३९ असलेली नंतरची, एवढे एका दृष्टिक्षेपात कळते. मात्र जुन्या क्रमांकाखालीही अनेक छपाया होऊ शकतात. म्हणून क्रमांकावर थांबता येत नाही.

दुसरा साक्षीदार म्हणजे पत्ता, किंमत आणि प्रकाशकाचे नाव. येथे साध्या प्रशासकीय घटना कालनिर्णयाला उपयोगी पडतात. भारतीय टपालखात्याने सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केला. ज्या पुस्तिकेवर प्रकाशकाच्या पत्त्यात पिनकोड आहे ती त्या दिवसापूर्वीची असू शकत नाही. राणीच्या अंकापुरती ही कसोटी निरुपयोगी आहे, पण मालिकेच्या आरंभीच्या अंकांना ती नेमकी लागू पडते. दशमान नाण्यांच्या सुरुवातीस, १९५७ मध्ये, ‘नवे पैसे’ हा शब्द आला आणि १ जून १९६४ पासून त्यातील ‘नवे’ गळाले. त्या काळातील किमतीच्या छापील रूपावरूनही असाच निष्कर्ष काढता येतो. दहा अंकांऐवजी तेरा अंकांचा प्रमाणित ग्रंथक्रमांक २००७ पासून रूढ झाला. त्याच वर्षी मालिका एसीके मीडिया या संस्थेकडे गेली. रुपयाचे नवे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले गेले. यांपैकी कोणतीही खूण प्रतीवर असेल तर तिची वरची कालमर्यादा निश्चित होते.

भाषेचा अभ्यासक येथे एक सूक्ष्म भेद सहज ओळखील. मुंबईचे अधिकृत इंग्रजी नाव १९९५ मध्ये बदलले. म्हणून इंग्रजी आवृत्तीवर ‘बॉम्बे’ आहे की ‘मुंबई’ यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. हिंदी आवृत्तीत ‘बंबई’चे ‘मुंबई’ झाले असल्यास तोच तर्क चालतो. मराठी आवृत्तीत मात्र शहराचे नाव आरंभापासूनच ‘मुंबई’ असल्यामुळे ही कसोटी सर्वस्वी निकामी ठरते. एकाच चित्रकथेच्या तीन भाषांतील प्रतींना एकच गमक लावता येत नाही, हे यावरून दिसून येते.

तिसरा साक्षीदार छपाईचा आहे. खर्चाच्या अडचणीमुळे मालिकेच्या आरंभीच्या अंकांत पिवळा, निळा आणि हिरवा एवढ्याच रंगांवर काम भागविले जाई. पूर्ण रंगछपाई पुढील अंकांत आली. एखाद्या आरंभीच्या अंकाची पूर्णरंगी प्रत समोर आली तर ती नंतरची छपाई असल्याचा संशय धरणे योग्य होय. जाहिराती हा चौथा साक्षीदार. मलपृष्ठावरील व आतल्या बाजूच्या जाहिराती छपाईगणिक बदलतात. त्यांत एखाद्या स्पर्धेची अंतिम तारीख किंवा आगामी अंकांची यादी असल्यास छपाईचा काळ महिन्यापर्यंत ठरू शकतो. पाच अंक एकत्र बांधलेल्या संग्रहात ही पाने बहुधा नाहीशी होतात आणि त्यांच्याबरोबर हा पुरावाही जातो.

२. अवस्थेचे वर्णन

छपाई ठरल्यानंतर अवस्थेकडे वळावे. अमेरिकेत रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची किंमत-मार्गदर्शिका १९७० पासून निघू लागली आणि तिच्या अनुषंगाने प्रतींच्या श्रेणी स्थिर झाल्या. २००० साली सीजीसी या संस्थेने त्रयस्थपणे श्रेणी देऊन प्रत पारदर्शक पेटीत सीलबंद करण्याची पद्धत सुरू केली. या पद्धतीत दहापैकी गुण दिले जातात. ‘निअर मिंट’ला ९.४, ‘व्हेरी फाइन’ला ८, ‘फाइन’ला ६, ‘व्हेरी गुड’ला ४, ‘गुड’ला २ आणि ‘पुअर’ला ०.५ असा साधारण क्रम आहे. येथे शब्दांच्या भाषांतराचा धोका उघड आहे. ज्या प्रतीला ‘गुड’ म्हटले जाते ती दहापैकी दोनच गुणांची, म्हणजे झिजलेली, घड्या पडलेली, कडा फाटलेली असते. मराठी वा हिंदी विक्रेता तिला ‘चांगली’ म्हणू लागला आणि ग्राहकाने त्या शब्दाचा रोजचा अर्थ घेतला, तर दोघांचीही फसगत होते. ग्रंथालयाच्या नोंदीत म्हणूनच श्रेणीवाचक विशेषणापेक्षा प्रत्यक्ष वर्णन अधिक विश्वसनीय होय.

असे वर्णन बाहेरून आत जावे. प्रथम मुखपृष्ठ: रंगाची झळाळी, उन्हाने उडालेला भाग, फाट, दुमडलेले कोपरे, लिहिलेली अक्षरे. नंतर कणा, म्हणजे जेथे पाने मधोमध दुमडून तारेने टाचलेली असतात ती कड. येथे पडलेल्या बारीक आडव्या रेषा पुस्तिका किती वेळा उघडली गेली ते सांगतात. तारेचे टाके गंजलेले असतील तर त्यांच्याभोवती तांबूस डाग दिसतो; पुढे तेथील कागद ठिसूळ होतो आणि मधले जोडपान सुटून येते. हे मधले पान शाबूत आहे की नाही हे प्रत्येक प्रतीत पाहिलेच पाहिजे, कारण हरविण्याचा पहिला मान बहुधा त्याचाच असतो. त्यानंतर सर्व पाने मोजावीत. कापून घेतलेली कूपने, भरलेली शब्दकोडी, निळ्या पेन्सिलीने रंगविलेल्या आकृती यांची नोंद करावी. प्रतीची लांबी-रुंदी मोजून त्याच छपाईच्या दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहिल्यास कडा छाटल्या आहेत किंवा कसे ते कळते. भाड्याने पुस्तके देणारे दुकानदार अनेक अंक एकत्र शिवून कडा छाटून घेत. त्यामुळे चौकटींच्या बाहेरचा समास आणि कधी कधी अक्षरेही कापली जात.

कागदाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. स्वस्त पुस्तिकांचा कागद लाकडाच्या दळलेल्या लगद्याचा असतो. त्यातील लिग्निन प्रकाश व हवा यांच्या संयोगाने पिवळे पडते, आणि कागदातील आम्लामुळे तंतू तुटत जातात. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियेचा वेग साधारणतः दुप्पट होतो, असा ढोबळ नियम सांगितला जातो. झाशीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि त्यापाठोपाठ पावसाळी दमटपणा येतो. बुंदेलखंडातील कोरड्या उष्णतेने कागद तडकतो, तर पावसाळ्यातील ओलीने तार गंजते, बुरशीचे ठिपके उमटतात आणि कसर लागते. तेव्हा झाशीतील एखाद्या घराच्या माळ्यावर पन्नास उन्हाळे काढलेली प्रत आणि थंड हवेच्या ठिकाणी कपाटात राहिलेली प्रत यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. झाशीची प्रत तपकिरी व ठिसूळ असणे हा हवामानाचा स्वाभाविक परिणाम आहे. उलट ती पांढरीशुभ्र असेल तर ती खरोखर त्या काळातील आहे काय, अशी शंका घेण्यास जागा राहते.

दोषांत सर्वांत घातक दोष मात्र हवामानाचे नसून माणसांचे असतात. फाटलेल्या पानाला लावलेली चिकटपट्टी काही वर्षांत सुकून गळते. तिचा डिंक मात्र कागदात मुरून न जाणारा पिवळा डाग ठेवतो. मुखपृष्ठावर चढविलेले प्लास्टिकचे आवरण सोलून काढता येत नाही. साठवणीसाठी वापरलेल्या पीव्हीसीच्या पिशव्या स्वतःच विघटित होऊन कागदाला अपाय करतात. त्यांऐवजी पॉलिएस्टरच्या पिशव्या आणि आम्लरहित पुठ्ठा वापरावा. चिकटपट्टी, रंगाने भरलेले ओरखडे, बदललेल्या तारा यांना बाजार ‘दुरुस्ती’ म्हणतो, आणि ती लपविलेली असल्यास प्रतीची किंमत एकदम घसरते. या एका बाबतीत बाजार आणि अभ्यासक यांचे पूर्ण एकमत आहे.

३. बाजाराचे मोल आणि अभ्यासाचे मोल

बाजारातील मोल तीन गोष्टींवर ठरते: प्रत किती दुर्मिळ, तिला मागणी किती आणि तिची अवस्था कशी. अमेरिकेत जून १९३८ चा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक दहा सेंटला विकला गेला होता, त्याची ८.५ गुणांची एक प्रत २०२४ मध्ये साठ लाख डॉलरला गेली. भारतात मार्च १९६४ मध्ये साठ पैशांना निघालेला ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा पहिला अंक संग्राहक असाच शोधत असतात. पण दुर्मिळता आणि महत्त्व या दोन गोष्टी एकच नव्हेत. ‘अमर चित्र कथा’चे गाजलेले अंक इतक्या मोठ्या प्रमाणावर छापले गेले की त्यांच्या सर्वसाधारण प्रती दुर्मिळ नाहीत, दुर्मिळ आहेत त्या पहिल्या छपाईच्या, आणि त्यांतही प्रादेशिक भाषांतील प्रती.

अभ्यासाचे मोल कशावरून ठरते हे समजण्यासाठी झाशीचाच एक ग्रंथ उपयोगी पडतो. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे गेले आणि १८५८ च्या वेढ्याच्या वेळी झाशीत होते. शहर पडल्यानंतरच्या लुटीत राजवाड्यातील मोठ्या ग्रंथसंग्रहाचा नाश झाल्याचे त्यांनी नोंदविले आहे. त्यांचे लेखन चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु वैद्यांनी भाषेवर व मजकुरावर संस्कार केलेले होते. मूळ हस्तलिखितास धरून असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये काढली. बाजारात १९०७ ची प्रत अधिक मोलाची. गोडसे यांची भाषा अभ्यासणाऱ्यास १९६६ ची प्रत अधिक मोलाची. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सत्तावन्नच्या आठवणी कशा सांगता येत होत्या हे पाहणाऱ्यास पुन्हा १९०७ ची. मोल हे प्रतीत निश्चित होऊन बसलेले नसते. कोणता प्रश्न विचारला जातो त्यावर ते ठरते.

चित्रकथेतही पाठभेदाचा प्रश्न आहे, हे बहुधा विसरले जाते. ली फॉक यांच्या ‘फँटम’च्या कथा ‘इंद्रजाल’मध्ये आल्या तेव्हा त्यातील देशाचे ‘बंगाला’ हे नाव ‘डेंकाली’ झाले आणि समुद्री चाच्यांच्या टोळीच्या नावातील ‘सिंग’चे ‘सिंगा’. भारतीय वाचकाला ती नावे आपल्या देशातील लोकांना उद्देशून आहेत असे वाटू नये, हा हेतू स्पष्ट आहे. नंतरच्या संग्रहात मूळ नावे परत आली तर भारतीय पाठ केवळ जुन्या प्रतींतच उरतो. राणीच्या अंकाच्या निरनिराळ्या भाषांतील आवृत्त्यांत चित्रे तीच असली तरी संवादफुग्यांतील मजकूर वेगळा आहे. फुग्याचा आकार चित्राबरोबर ठरून गेलेला असल्याने भाषांतरकाराला त्या जागेत बसेल एवढेच लिहिता येते. राणी कोणाशी कोणत्या दर्जाने बोलते, तिला कोण ‘बाईसाहेब’ म्हणतो आणि कोण ‘महारानी’, इंग्रजीतील एकाच ‘यू’चे ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांपैकी काय होते, हे भाषांतरविचाराचे खरे साहित्य आहे. त्यासाठी तिन्ही भाषांतील प्रती शेजारी शेजारी हव्यात. तेथे अवस्थेचे गुण दोन आहेत की आठ, याला फारसा अर्थ उरत नाही.

आता दोन प्रती समोर आहेत अशी कल्पना करावी. पहिली ५३९ क्रमांकाची, जाड मुखपृष्ठाची, निष्कलंक. दुसरी ५१ क्रमांकाची, हिंदी. कणा फाटलेला, मलपृष्ठाचा एक कोपरा गेलेला, मुखपृष्ठावर मुलाचे नाव व इयत्ता, आणि आत रेल्वेच्या फलाटावरील पुस्तकविक्रेत्याचा ‘झाँसी’ असा शिक्का. श्रेणीच्या मोजपट्टीवर दुसरी प्रत तळाशी जाईल. नाव आणि शिक्का हेही तेथे दोषांतच गणले जातील. परंतु झाशी हे दिल्ली–मुंबई मार्गावरील मोठे जंक्शन. कानपूर व माणिकपूरकडे जाणारे फाटे येथूनच निघतात. अलाहाबादेत १८७७ मध्ये स्थापन झालेल्या ए. एच. व्हीलर कंपनीच्या स्टॉलांनी उत्तर भारतातील फलाटांवर वाचनाची जी सवय लावली, तिचा चित्रकथा हा एक भाग होता. राणीच्या शहरात राणीची कथा कोणत्या भाषेत, कोठून आणि कोणत्या वयात विकत घेतली गेली, याचे दुसरे कोणतेही कागदपत्र सापडणार नाही. तो फाटका अंकच ते कागदपत्र आहे. २०२१ च्या अखेरीस या स्थानकाला वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले. त्यामुळे जुन्या नावाचा शिक्का हीसुद्धा आता कालदर्शक खूण झाली आहे.

४. जतनाची दिशा

ग्रंथप्रदान कायद्यान्वये (१९५४, १९५६ च्या दुरुस्तीने नियतकालिकेही त्यात आली) प्रकाशकांनी कोलकाता येथील राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालये यांना प्रती द्यावयाच्या असतात. पण असा दाखल केलेला अंक, तो जेथे असेल तेथेही, न वाचलेला अंक असतो. वाचकांच्या हातांचा इतिहास त्याच्यावर नसतो. तो इतिहास घरांत, रद्दीच्या दुकानांत आणि बंद पडलेल्या भाड्याच्या वाचनालयांत विखुरलेला आहे. संग्राहकांची मागणी वाढते तशी व्यापारी नावे खोडून, डाग घालवून, दोन अपुऱ्या प्रतींतून एक पूर्ण प्रत जुळवून माल ‘सुधारू’ लागतात. अशा जुळविलेल्या प्रतीत मुखपृष्ठ एका छपाईचे आणि आतील पाने दुसऱ्या छपाईची असू शकतात; पाठचिकित्सेच्या दृष्टीने ती प्रत निरुपयोगीच नव्हे, तर दिशाभूल करणारी होते.

म्हणून प्रत हाती येताच, कोणतीही सफाई करण्यापूर्वी, तिचे लेखी वर्णन आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र करून ठेवणे हे पहिले कर्तव्य ठरते. भाषा, मालिका-क्रमांक, किंमत, पत्ता, जाहिराती, पानांची संख्या, तारांची स्थिती, लिहिलेली नावे, शिक्के आणि प्रत कोठून मिळाली ते स्थळ, एवढ्या नोंदी एका चिठ्ठीवर मावतात. खाजगी व्यक्तींची नावे प्रसिद्ध न करता केवळ नोंदीत ठेवता येतील. गंजलेली तार काढावयाची झाल्यास ती जाणत्या हाताने काढावी. चिकटपट्टी लावू नये. पाने छाटू नयेत. आणि प्रत अंधाऱ्या, कोरड्या, शक्य तितक्या थंड जागी आडवी ठेवावी. झाशीसारख्या ठिकाणी यास मोठी यंत्रणा लागत नाही. विद्यापीठाच्या हिंदी व इतिहास विभागांनी आणि तेथील मराठी कुटुंबांनी आपापल्या घरच्या पेट्या एकदा उघडून पाहिल्या तरी पुष्कळ काम होण्यासारखे आहे.

चित्रकथा वाङ्मय आहे की नाही, हा वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. तो कोणत्याही बाजूने सुटला तरी त्यासाठी लागणारे साहित्य दळलेल्या लाकडाच्या कागदावर छापलेले आहे, आणि तो कागद वाद संपण्याची वाट पाहणार नाही.